हजेरीचे तीन मार्क

घोरपडे कुस्तीला दहापैकी मार्क देतो आणि त्यातले तीन नुसते हजेरीचे. पैलवान आला की तीन मिळाले. मग तो आल्या आल्या उताणा पडला तरी ते तीन कोणी काढून घेत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. आमचे गुरुजी हजेरीचे मार्क देत असते तर पाचवीतही गेले असते.

कुस्ती कुठली, तर जपानची. बघतो कुठे, तर दुबईत. कोणाच्या घरात, तर माझ्या.

आम्ही इंटरनॅशनल सिटीत फ्रान्स नावाच्या वस्तीत राहतो. फ्रान्सचं तिथे काही नाही. खाली मल्याळी किराणावाला आहे, वर धूळ आहे. मुलगा, सून, नात आणि मी एका बेडरूमच्या घरात. समोरच्या घरात सहा जण मिळून राहतात, त्यातला घोरपडे एक. एसीचे पत्र्याचे डक्ट बनवतात त्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहे. वय पन्नास. मान अजून पैलवानाची, पोट आता फोरमनचं.

एका रविवारी दुपारी जिन्यात कोणीतरी ओरडत होतं, "उठ रं! उठ की, मर्दा!" मला वाटलं कोणाला चक्कर आली. दार उघडलं तर हा एकटाच, फोन हातात धरून भिंतीपासून भिंतीपर्यंत चकरा मारतोय.

"कोण पडलंय?" मी विचारलं.

"म्हातारा पडलाय, मावशी. पण उठतोय." मग एकदम थांबला. "मराठी व्हय तुम्ही? नेट हाय काय वो तुमच्याकडं? आमचं सारखं अडकतंय."

मी आत ये म्हटलं ती चूक झाली. दोन वर्षं झाली, तो अजून येतोय.

म्हातारा म्हणजे जपानचा एक पैलवान. त्याचं नाव मला म्हणता येत नाही आणि घोरपडेलाही येत नाही. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा असेल, केस पांढरे, उजव्या गुडघ्याला जाड पट्टी. त्याच्याकडे एक मोठा सोनेरी पट्टा आहे. दर दीड-दोन महिन्यांनी कोणीतरी तो मागायला येतो. म्हाताऱ्याने त्याला पाडलं की पट्टा घरी राहतो. त्याला घोरपडे 'राखण' म्हणतो. राखण पहिली, राखण दुसरी, अशी त्याच्या वहीत नोंद आहे. पट्टा मागायला येणाऱ्यांचीही नावं नाहीत. पिवळी चड्डी, मुखवटेवाला, केस रंगवलेला, अशी ओळख आहे. जपानात संध्याकाळ असते तेव्हा आमच्याकडे जेवणवेळ. घरातले तिघं दर रविवारी मॉलमध्ये जातात. मॉलमध्ये चालून माझे पाय दुखतात, म्हणून मी घरी. तर हा येतो, टीव्हीला फोन जोडतो आणि उभा राहतो.

बसत नाही. कधीच नाही. सोफा आहे, खुर्ची आहे, चटई आहे. मी सांगून पाहिलं, "घोरपडे, बस रे, मला घेरी येते." तर म्हणतो, "त्यो उभा हाय तंवर मी कसा बसू?" आणि म्हातारा पडला की हा आणखीच जोरात चालतो. सोफ्यापासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून सोफ्यापर्यंत. चटईवर मधोमध त्याची वाट पडली आहे.

कुस्ती संपली की तो फोनमध्ये बोलतो. हेच त्याचं खरं काम. "अण्णा, राखण सहावी. पिवळी चड्डी आला, इषय खलास, हजेरीचं तीन. त्यानं दोरावरनं उडी मारली, त्याचा एक मार्क कापला, आपण माकडाला मार्क देत न्हाई. म्हाताऱ्यानं कमरंत हात घालून उचलला, तुमचीच पकड, पर डावा पाय मागं ऱ्हायला. सगळं मिळून साडेसहा." असं दहा-पंधरा मिनिटं. त्या वेळात माझी भाजी चिरून होते.

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. कागलजवळच्या गावात असतो. याचा वस्तादही तोच, लहानपणापासून तालमीत त्यानेच घडवला. गेली बावीस वर्षं तो याच्याशी एक शब्द बोललेला नाही. दोन वर्षांपूर्वी अण्णाच्या मुलाने त्याला नवीन फोन घेऊन दिला आणि नंबर गुपचूप काकाला पाठवला. तेव्हापासून हा कुस्तीचे निरोप धाडतो. समोरच्याने निरोप ऐकला की फोनवरचं माइकचं छोटं चित्र निळं होतं, हे मला यानेच शिकवलं. तर अण्णाचं निळं होतं. प्रत्येक वेळी होतं. उत्तर येत नाही.

याला दुसरं काही नको आहे. अण्णाने एकदा काहीतरी बोलावं. शिवी दिली तरी चालेल, असं तो माझ्यासमोर म्हणाला आहे.

मग निळं होईपर्यंत काय चालतं ते विचारू नका. फोन सोफ्यावर टाकतो, फ्रीजपर्यंत जातो, परत येऊन बघतो. "न्हाई झालं." पुन्हा फ्रीज. निळं झालं की, "ऐकलं वो, मावशी!" मग पंधरा मिनिटं आणखी चालतो, उत्तराची वाट बघत. मग टॉवेल खांद्यावर टाकून जातो.

मी म्हटलं, "फोन लाव आणि बोल."

"उचलणार न्हाई त्यो."

"मग गावी जा."

"सुट्टीला जातो की, कोल्हापुरात बायको-पोरांकडं. गावात न्हाई जात."

"का?"

तर लगेच चालायला लागला.

कुस्तीतलं मला काही कळत नसे. पण एक गोष्ट आवडली. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि पाळीपाळीने एकमेकांच्या छातीवर थपडा मारतात. एकाने मारायची, दुसऱ्याने खायची, मग उलट. कोणी पाळी चुकवत नाही. मी म्हटलं, "हे मला समजतं. आम्ही जावा-जावा अशाच भांडायचो." घोरपडेने हे अण्णाला जसंच्या तसं सांगितलं. निळं झालं. उत्तर नाही.

मुखवटेवाल्याशी पूर्ण तासभर चालली. ती आठवी राखण. त्या दिवशी हा इतका चालला की खालच्या मजल्यावरची फिलिपिनो बाई वर येऊन विचारून गेली. माझी आमटी लागली. मी मार्क विचारले तर म्हणाला, "नऊ." मी म्हटलं, "माझ्याकडून दोन. एक आमटीचा कापला, बाकीचे कंटाळ्याचे." त्याने ते वहीत लिहून घेतलं. मावशी, दोन. असे माझेही मार्क त्या वहीत आहेत, सगळे दोन आणि तीन.

एकदा नात घरी होती. चौदा वर्षांची आहे, मराठी समजतं पण तोंडातून इंग्रजी येतं. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आजी, इट्स ऑल स्क्रिप्टेड. दे ऑलरेडी नो हू विन्स." आणि खोलीत निघून गेली.

मी घोरपडेकडे बघितलं. "अरे, ही म्हणते सगळं आधीच ठरलेलं असतं. मग तू दोन वर्षं मार्क कसले देतोयस?"

मला वाटलं चिडेल. तर टीव्हीचा आवाज बारीक करून म्हणाला, "ठाऊक हाय, मावशी. जिंकणार कोण ते ठरलेलं असतंय. पर जमीन काय ठरवून मऊ होत न्हाई. आणि आज आपण पडणार हे ठाऊक असून त्यो मानूस घरातनं निघतो, बुटाच्या नाड्या बांधतो, हितं येतो. पडणार म्हणून शब्द दिलाय, म्हणून येतो. त्येचं तीन."

मग मी काही न विचारताच त्याने सांगितलं. तेही चालत चालतच.

त्यांच्याकडे यात्रेत कुस्त्यांचं मैदान असतं. त्याआधी पंच बसून जोड लावतात, म्हणजे कोण कोणाशी लढणार ते ठरवतात. वस्ताद पंचांच्या हातावर हात मारतो, झालं, पैलवानाची जबाबदारी त्याची. घोरपडेची जोड सांगलीकडच्या एका दांडग्याशी लागली होती. कागदावर नाव छापलं, गावभर चिकटवलं. मैदानाच्या दोन दिवस आधी मुंबईहून एजंटचा फोन आला. व्हिसा आला, परवा विमान, येणार की नाही ते आत्ता बोल. हा पहाटेच्या एसटीने निघाला. अण्णाला सांगितलं नाही.

"का नाही सांगितलंस?"

"तोंड झालं न्हाई. आणि दांडगा लई दांडगा हुता, मावशी. तेबी हाय. मी भ्यालो हुतो. विमान मिळालं ते बरं झालं असं वाटलं मला."

मैदानात नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. पोर आलं नाही. तेव्हा अण्णाने सदरा काढला आणि स्वतः उतरला. वय अडतीस, कुस्ती सोडून सहा वर्षं झालेली. दांडग्याने त्याला पाडलाच, आणि पाडताना उजवा गुडघा गेला. तो अजून काठी घेऊन चालतो.

मी त्याला बरं वाटेल असं काही बोलले नाही. मला ते जमत नाही. "वाईट केलंस," एवढं म्हटलं.

"व्हय," म्हणाला आणि फ्रीजपाशी वळला.

एवढ्या पैलवानांत म्हाताराच याच्या डोळ्यात का भरला, ते मला त्या गुडघ्याच्या पट्टीकडे बघून कळलं. विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तेरावी राखण होती. मागच्या वेळी म्हाताऱ्याचा गुडघा पुरता गेला होता. जपानात म्हणे बोलवा झाली की तो येणार नाही, पट्टा तसाच परत देईल. घोरपडे तासभर आधी आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी विचारलं, "पूजा आहे का कुठे?" तर चालायला लागला.

पट्टा मागणारा आधी आला. जेमतेम पंचविशीचा, सगळा ताजा. मग वाजंत्री सुरू झाली आणि दारातून कोणी येईना. "यील," घोरपडे म्हणाला. वाजंत्री संपली, परत पहिल्यापासून लावली. "यील की." मीही लसूण सोलायची थांबले होते, हे खरं आहे ते सांगते.

म्हातारा आला. पाय ओढत, दोर धरत, पण पट्टा खांद्यावर. घोरपडे जागच्या जागी थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कुस्ती नऊ मिनिटं चालली. चारदा उठला, पाचव्यांदा उठला नाही. पंचाने तीन मोजले. म्हाताऱ्याने बसल्या बसल्या पट्टा मागून घेतला आणि आपल्या हाताने त्या पोराच्या कमरेला बांधला. पोर रडत होतं. म्हातारा नव्हता.

घोरपडेने फोन तोंडाशी धरला. "अण्णा, राखण तेरावी. म्हातारा आला." आणि बंद. पुन्हा धरला. "अण्णा, राखण तेरावी. म्हातारा." तिसऱ्यांदा तेही नाही. नुसता फोन धरून उभा.

मला हे असलं उभं राहणं सहन होत नाही. मी हात पुसले, फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि बोलले. काय बोलले ते आठवतं.

"अण्णा, मी शेजारची बाई. चिपळूणकडची, तुमची कोणी लागत नाही. तुमचा भाऊ दोन वर्षं माझ्या चटईवर येरझाऱ्या घालतोय, चटई झिजली. बावीस वर्षांपूर्वी त्याने केलं ते वाईट केलं, मी त्याला तोंडावर सांगितलंय. आज म्हातारा पडला आणि याची वाचा गेली. तेव्हा मार्क आता तुम्ही द्या. मला स्वयंपाक आहे."

आणि धाडून दिलं.

"मावशी, काय केलासा वो!" त्याचा चेहरा पांढरा पडला. "आता ऐकायचाबी बंद हुईल त्यो!"

"होऊ दे. निदान चटई वाचेल."

मी ओट्याकडे जाऊन चहा ठेवला. मागे पावलं सुरू झाली. सोफा, फ्रीज. सोफा, फ्रीज. चहा उकळला, गाळला. निळं झालं की नाही ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग फोन वाजला, निरोप आल्यासारखा. पावलं थांबली.

"मावशी, तुम्ही लावा. माझं बोट चालंना."

मी निरोप लावला. आधी नुसती म्हैस ओरडली. मग खोकला. मग म्हाताऱ्या माणसाचा जाड आवाज, दमादमाने:

"बघितली. पोरानं लावून दिली हुती. तेराच्या तेरा बघितल्यात." मग पुन्हा नुसती म्हैस. "गुडघा घिऊन आला त्यो. आठ मार्क. पर हजेरीचं तीन लई होत्यात, धाकल्या. आपल्या मैदानात यायचं त्यात काय एवढं. दोन दे."

संपलं.

मी कप घेऊन वळले तर घोरपडे सोफ्यावर बसला होता. कडेला, अवघडून. बसायची सवय नसलेला माणूस बसतो तसा. वही मांडीवर होती. पहिल्या पानापासून एकेक राखण काढून, तीन खोडून तो दोन लिहीत होता, आणि खालची बेरीज पुन्हा करत होता. बेरीज चुकत होती. मी तोंडाने सांगत गेले, चौथीपर्यंत तेवढं शिकवतात.

चहा गार झाला. मी दुसरा केला नाही.