राजय्यामामांचे मंगोल

आमच्या भवानी पेठेत राजय्यामामा कुणालाच त्याच्या नावानं हाक मारत नाहीत. सातशे वर्षांपूर्वी इराणवर राज्य केलेल्या मंगोल राजांची नावं त्यांनी गल्लीभर वाटून टाकली आहेत. कोपऱ्यावरचा भिशीवाला म्हणजे गैखातू. "त्यानं चांदी काढून घेतली आन् लोकांच्या हातात कागद दिलं. बाजार बंद पडला की." एवढं त्याच्या तोंडावर सांगून मामा निघून जातात. मी गाझान. त्या राजानं नाण्यांचं वजन नीट केलं आणि माझ्या किराणा दुकानाचा काटा खरा आहे, म्हणून. माझा आयुष्यातला हा एकमेव राज्याभिषेक.

मामा टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर होते. एक सोनार जुनी चांदी आटवायला बसला होता, त्याच्याकडून त्यांनी या राजांची नऊ नाणी सोडवून आणली. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. मूलबाळ नव्हतं. पुढं घरात हे राजेच नांदायला लागले.

मग मामींची बोटं आखडली आणि विड्या वळणं सुटलं. त्याच सुमारास मामांना बारीक दिसेनासं झालं. रोज दुपारी मामी खिडकीशी नाणं धरून बसायच्या. त्यांना घरची तेलुगू वाचता येत नव्हती, मराठीही नाही. पण नाण्यांवरच्या अक्षरांच्या आणि नक्षीच्या खाणाखुणा त्यांना पाठ झाल्या.

"ह्येला कडंनं फुलाच्या पाकळ्या हायत."

"मग अबू सईद. शेवटचा," मामा म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात मामी गेल्या. मामा रडले नाहीत. भेटायला आलेल्यांना ते गैखातूच्या बाजाराची गोष्ट सांगत बसले. माणसं अवघडून उठून गेली.

महिन्याभरानं मी गेलो, तर मामा समोर नाणी पसरून बसले होते. म्हटलं, "मामा, मी सांगू का कुठलं कुणाचं? तुम्हाला दिसत नाही."

"दिसतंय की. पयल्यापास्नं दिसतंय."

मी तिथंच त्यांच्यासमोर बसलो.

"विड्या सुटल्यावर ती दिसभर भिंतीकडं बगत बसायची," मामा म्हणाले. "म्हनून म्हनलं, मला दिसंना, तू सांग."

मग त्यांनी एक नाणं माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटून घेतले.

"सांग, काय हाय त्याच्यावर."