अकरा शनिवारांचे चणे

आमच्या घरात मोठे निर्णय मीच घेतो! साल छप्पन्न. हैदराबाद राज्याचे तुकडे व्हायचे ठरले आणि आम्हा मराठी कारकुनांना फॉर्म मिळाले: इथेच राहणार की मराठी मुलखात जाणार? शनिवारी दुपारी बारापर्यंत फॉर्म दिला नाही, तर मुक्काम हैदराबादेतच.

बायको, पद्मावती, नारायणगुड्याच्या शाळेत नुकतीच कायम झालेली. "मी हे काचीगुड्यातलं घर सोडायची नाही," एवढंच बोलून ती वह्या तपासायला बसली. मी समजलो, हरली! शनिवारी पहाटे गुपचूप फॉर्मवर 'औरंगाबाद' लिहून सही ठोकली.

फिरायला निघताना तिने पुडी दिली. "मारुतीला चणे वाहून या." हल्ली दर शनिवारी हे काम माझ्याकडेच. पुडी कोटाच्या खिशात कोंबली, फॉर्मशेजारी.

देवळापुढच्या चिंचेखाली शेजारचे हिम्मतराव भेटले. त्यांना ऐटीत फॉर्म दाखवायला खिशात हात घालतो, तोच खांद्यावर धप्पकन माकड! पुडी आणि फॉर्म, दोन्ही घेऊन ते झाडावर!

"अहो, माझं औरंगाबाद!" मी ओरडलो आणि दगड उचलला.

फुलवाली कडाडली, "नक्को जी साब! शनिवार के दिन हनुमानजी कू पत्थर मारते क्या?"

"हात जोडा," हिम्मतराव कुजबुजले, "लोक बघायलेत!"

जोडले! "मारुतीराया, चणे तुला, कागद मला!"

माकडाने शांतपणे चणे संपवले. मग पुडीचा कागद माझ्या अंगावर टाकला आणि फॉर्म चावून खाल्ला. सहीसकट!

ऑफिसात हेडक्लार्क म्हणाले, "दुसरा फॉर्म नाही. माकडाने खाल्ला, असं लेखी देता?"

नाही दिलं.

घरी छाती काढून सांगितलं, "खूप विचार केला. आपण इथेच राहायचं!"

पद्मावतीचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, मलाही फार बरं वाटलं. तेवढ्यात तिने देव्हाऱ्यापुढे हात जोडले.

"पावलास रे मारुतीराया! अकरा शनिवार ह्यांच्या हातून चणे वाहीन, असा नवस बोलले होते. आज अकरावा!"

मी कोट खुंटीला लावला. खिशात पुडीतून सांडलेले दोन चणे उरले होते, ते मुकाट्याने खाल्ले.