टक्केवारीची नजर

नंबरकाकांच्या चष्म्याच्या दुकानात सकाळी सकाळी भांडण सुरू होतं, आणि तेही एका कॉम्प्युटरवरून.

"अहो, तो रोज तोंडावर सांगतोय की तुमचं मशीन आता म्हातारं झालं, नवीन घ्या," काकू म्हणाल्या. "खातं उघडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, मधेच जाहिराती दाखवतो, मनात येईल तेव्हा बंद पडून स्वतःच सुरू होतो. समोरचा औषधवाला कंटाळून दुसरीकडे गेला. झेरॉक्सवाला गेला. धाकट्या जाऊबाईंनी मला दुसऱ्या सिस्टीमचा पेन ड्राइव्ह दिला, तर माझ्या लॅपटॉपपुरती मीसुद्धा गेले. मशीन तेच, फक्त आतली सिस्टीम नवी. आणि तीही फुकट! तुम्हीच तेवढे चिकटून बसलाय."

"जगातल्या बहुतेक टेबलांवर हीच सिस्टीम आहे. जग काय वेडं आहे?" काका म्हणाले. "आणि मला हिच्यात सगळं सापडतं. इतकी वर्षं निभावलंय."

"माझ्याशीही निभावलंयत. पण कपाटातला टॉवेल अजून सापडत नाही तुम्हाला."

काकांनी नेहमीप्रमाणे पडद्यावरचं "नंतर आठवण करून द्या" हे बटण दाबलं आणि विषय मिटवला. खरं तर आज त्यांना कटकट नकोच होती. बस डेपोचे मॅनेजर येणार होते. डेपोतल्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे दरवर्षी तपासायचं काम कुणाला द्यायचं, ते आज ठरणार होतं. चौकात झगझगीत काचांचं नवीन दुकान झाल्यापासून काकांकडे चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घेणारेच जास्त यायचे, आणि स्क्रूचे पैसे घेणं काकांच्या स्वभावात नव्हतं. हे काम मिळालं तर दुकान टिकणार होतं. नाही मिळालं, तर काय, हे दोघंही एकमेकांसमोर बोलत नव्हते.

मॅनेजर स्वतः गाडी चालवत आले, ते एका ड्रायव्हरला घेऊनच. "यांच्यावर तपासणी करून दाखवा," ते म्हणाले. माणूस दांडगा, आवाज त्याहून दांडगा. चष्मा नाही. मग ते ड्रायव्हरकडे वळले. "आणि तू, जे दिसेल ते वाचायचं. फालतू बडबड नको."

"होय साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

आतल्या खोलीत काकांनी दिवा मंद केला. समोरच्या भिंतीवर कॉम्प्युटरचा पडदा होता, त्यावर अक्षरांच्या ओळी. काका पडद्याकडे पाठ करून ड्रायव्हरच्या नाकावर चाचणीची फ्रेम बसवायला वाकले. तक्ता त्यांना तोंडपाठ होता, त्यामुळे मागे वळून बघायची सवय केव्हाच सुटली होती. मॅनेजर खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे राहिले.

"वाचा."

"ग, प, र, ल," ड्रायव्हरने खणखणीत वाचलं.

"वा! आता खालची ओळ."

ड्रायव्हर थोडा घुटमळला. "सत्तावीस टक्के."

"काय सत्तावीस टक्के?"

"ते लिहिलं नाही, डॉक्टर."

नंबरकाका डॉक्टर नव्हते, पण डॉक्टर म्हणणाऱ्याची चूक त्यांनी आजवर सुधारली नव्हती. त्यांच्या कपाळावर आठी पडली. एक ओळ उतरल्याबरोबर माणूस अक्षरांच्या जागी आकडे वाचतो, हे प्रकरण साधं नव्हतं. त्यांनी फ्रेममध्ये एक जाडसर भिंग सरकवलं. "आता?"

"अठ्ठावीस टक्के. पण आता जरा धूसर."

काकांनी आणखी जाड भिंग घातलं. "आता?"

"आता काहीच नाही दिसत. तुम्ही पण नाही दिसत."

"अरे बाबा, टक्के कुठले काढलेस?" मॅनेजर कडाडले. "मला इथून स्वच्छ दिसतंय! ग, प, र, ल! लिहिलंय ना समोर ठळक?"

काकांनी मान डोलावली. साहेबांचं बरोबर होतं. पहिली ओळ तशीच होती. म्हणजे पडदा ठीक, साहेब ठीक, बिघाड ड्रायव्हरमध्ये. त्यांना त्या माणसाची फार दया आली. त्यांनी सगळी भिंगं काढली आणि हळुवार आवाजात विचारलं, "बाळा, घरी काही टेन्शन आहे का? झोप लागते का?"

"लागते की."

"मग आता शांतपणे बघ. काय दिसतंय?"

"चौतीस टक्के," ड्रायव्हर रडकुंडीला येऊन म्हणाला. "कॉम्प्युटर बंद करू नका. साहेब, तुम्हीच म्हणालात ना, दिसेल ते वाच?"

"याला उद्यापासून गाडी देऊ नका!" मॅनेजर स्वतःच मॅनेजर आहेत हे विसरून ओरडले.

तो आरडाओरडा ऐकून काकू हातातली काच तशीच घेऊन आत आल्या. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "अहो," त्या म्हणाल्या, "जरा मागे वळता का?"

काका वळले. पडद्यावर अक्षरांचा मागमूस नव्हता. सगळा पडदा निळा, मधोमध एक चक्र गरगर फिरतंय, आणि त्याखाली हातभर अक्षरांत लिहिलेलं, "पस्तीस टक्के. कॉम्प्युटर बंद करू नका." रोज पुढे ढकललेलं अपडेट स्वतःच सुरू झालं होतं.

काकांना आधी कॉम्प्युटरचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. आणि मग तिसरीच गोष्ट हळूहळू डोक्यात शिरली. ड्रायव्हरची नजर गरुडासारखी होती. पण मग "मला इथून स्वच्छ दिसतंय" म्हणणारे साहेब इतका वेळ नेमकं काय बघत होते?

"आत्ताच बदललेलं दिसतंय," मॅनेजर घसा खाकरून म्हणाले.

ड्रायव्हरने तोंड उघडलं आणि नोकरीचा विचार करून मिटलं.

काकांनी काकूंकडे पाहिलं. "होय साहेब, आत्ताच बदललं" एवढं म्हटलं की काम खिशात, हे त्यांना कळत होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण समोरचा माणूस आंधळ्यासारखा गाडी चालवत इथवर आला आहे, हेही त्यांना कळत होतं. "साहेब," ते म्हणाले, "तुम्ही जरा खुर्चीत बसता का?"

"मी दुकान तपासायला आलोय, डोळे नाही!" मॅनेजर तडकले आणि ताडताड बाहेरच्या खोलीत गेले. काउंटरवर फ्रेमा अडकवायला ठेवलेलं प्लास्टिकचं डोकं होतं. त्याच्यासमोर थांबून त्यांनी मोठ्या अदबीने हात जोडले. "येतो वहिनी. राग मानू नका."

"मी इकडे आहे, भाऊजी," काकू त्यांच्या मागून म्हणाल्या.

त्यानंतर मॅनेजर निमूटपणे खुर्चीत बसले. पडदा अजून टक्के मोजत होता, म्हणून काकांनी कपाटामागून जुना पुठ्ठ्याचा तक्ता काढून खिळ्याला अडकवला. नंबर चांगलाच दणदणीत निघाला. काकूंनी तासाभरात चष्मा तयार केला आणि तेवढ्यात ड्रायव्हरला आपल्या पेन ड्राइव्हची महतीही ऐकवली. तो डोळ्यांवर चढवून साहेबांनी काकांकडे, काकूंकडे आणि प्लास्टिकच्या डोक्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि कामाबद्दल अवाक्षर न काढता ते निघून गेले. गाडी ड्रायव्हरने चालवली.

"गेलं काम," काका खुर्चीत बसत म्हणाले.

"जाऊ दे. बरोबर केलंत तुम्ही," काकू म्हणाल्या. हे वाक्य वर्षातून एखाद्या वेळीच कानावर पडायचं, त्यामुळे काकांना थोडं बरं वाटलं.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे मॅनेजर होते, पण आवाज निम्म्यावर आलेला. "सोमवारपासून ड्रायव्हर पाठवतो. सगळे. पण आधी वहिनींना फोन द्या."

काकूंनी फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, इथे डेपोत कॉम्प्युटरवर चालणारा एक मोठा बोर्ड आहे. त्यावर गाड्यांच्या वेळा असतात असं मी धरून चाललो होतो. कुणी वेळ विचारली की म्हणायचो, बोर्डावर लिहिलंय, वाचता येत नाही का? एक आजोबा तर रोज म्हणायचे, 'वाचता येतं, पण पासवर्ड तुम्हालाच ठाऊक असणार.' उद्धट म्हातारा म्हणून दोनदा बाहेर काढलं मी त्यांना."

"मग?"

"आज चष्मा लावून पाहिलं. तिथे लिहिलंय, खात्याचा पासवर्ड टाका." मॅनेजर जरा थांबले. "ड्रायव्हर म्हणतो, तुमच्याकडे कसलासा पेन ड्राइव्ह आहे. डेपोतल्या सगळ्या कॉम्प्युटरांत ती सिस्टीम घालून द्याल का? रीतसर काम म्हणून. जे काय होतील ते पैसे सांगा."

काकूंनी रक्कम सांगितली. ती वर्षभर ड्रायव्हरांचे डोळे तपासून काका जेवढं मिळवणार होते त्यापेक्षा थोडी जास्तच होती, आणि साहेबांनी ती एका शब्दात मान्य केली.

काकांनी पडद्याकडे पाहिलं. अपडेट संपलं होतं. आता मशीन नवं खातं उघडा म्हणून मागे लागलं होतं. "अगं," ते म्हणाले, "तो पेन ड्राइव्ह जरा दे की. माझ्याही मशीनमध्ये घालून टाक."

काकूंनी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"डेपोचं काम झाल्यावर बघू," त्या म्हणाल्या. "आधी गिऱ्हाईक, मग घरचे."