मापासाठी शेजारी एक व्यक्ती उभी करावी

लोकशाहीत भाग घ्यायला पूर्वी घराबाहेर पडावं लागे. आता फोनला चार्जिंग असलं की पुरतं, याबद्दल कोणत्याही देशात दुमत उरलेलं नाही. एका देशाने ॲप काढलं की दुसरा काढतो, त्याचं बघून तिसरा. शेजारणीने पडदे बदलले की आपले जुनाट दिसू लागतात, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या शहराचं तक्रार-ॲप असंच चार देश फिरून आलं. मूळ देश थंडीचा. त्यामुळे तक्रारींचे प्रकार पुढीलप्रमाणे : बर्फ हटवणे, गोठलेला नळ, वस्तीत शिरलेलं अस्वल. ('इतर' हा पर्याय सुरुवातीला होता. परंतु जवळजवळ सगळेच नागरिक तोच निवडू लागल्याने आकडेवारी बिघडली. सबब तो काढण्यात आला.)

आमच्या फाटकासमोरच्या चेंबरचं झाकण गेलं, तेव्हा माझी मुलगी नुकतीच पळायला लागली होती. मी काळजी करणारी आई आहे. द्राक्षंसुद्धा चिरून देते. टेबलाच्या कोपऱ्यांना मोजे घातलेत. त्यामुळे उघडं चेंबर दिसताक्षणी मी धावले. फोनकडे.

प्रकार निवडला 'बर्फ हटवणे'. अस्वल म्हणणं अतिशयोक्तीचं वाटलं. पुढची अट : 'तक्रारस्थळाच्या मापाचा अंदाज यावा यासाठी शेजारी एक व्यक्ती उभी करावी.' घरात त्या वेळी रिकामी व्यक्ती एकच होती.

"हलू नकोस हं, पिल्ला. हास बघू!"

मान कलती करून हसली. फोटो उत्तम आला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर : 'बर्फ हटवण्यात आला आहे. आपण समाधानी आहात का?' मी बाहेर जाऊन पाहिलं. बर्फ खरोखरच नव्हता. खोटं कसं बोलणार? 'समाधानी' दाबलं आणि नव्याने तक्रार केली. नवी तक्रार, नवा फोटो. दर आठवड्याला हाच क्रम पडला.

सासूबाई शिकलेल्या आहेत, पण त्यांना डिजिटल दृष्टी नाही. त्यांनी माळ्यावरची फळी काढून चेंबरवर टाकली. मी ती उचलली. (नियम : तक्रारस्थळाच्या मूळ स्थितीत बदल केल्यास तक्रार रद्द.)

"अगं, पोर पडेल त्यात!"

"आई, म्हणूनच तर तक्रार केलीय ना! फळी टाकली तर त्यांना दाखवू काय?"

"मग पडेपर्यंत थांब. फोटो आणखी छान येईल."

ज्येष्ठांच्या सूचनांसाठी ॲपवर रकाना नसल्याने ही सूचना नोंदवता आली नाही.

दरम्यान तक्रार-निवारणात आमचं शहर पहिलं आलं. बर्फाच्या बाबतीत तर शंभर टक्के. दोन देशांची शिष्टमंडळं पाहणीला आली आणि ॲप घेऊन गेली. त्यांच्या मार्गदर्शिकेत नमुना म्हणून माझ्या मुलीचा फोटो आहे. खाली परक्या लिपीत 'असे उभे राहावे' अशा अर्थाचं काहीतरी छापलंय. आता तिकडच्या आयाही आपापली मुलं चेंबरशेजारी उभी करतात. एका पोराने तर मानही हुबेहूब तशीच कलती केलीय. ऊर भरून आला. मी मार्गदर्शिकेतला मुलीचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. अभिप्राय : 'किती गोड!' (बहुसंख्य), 'आईवर गेलीये' (माहेरचे). चेंबरविषयी निरंक.

मुलगी हुशार आहे; एकदा शिकवलेलं विसरत नाही. कुठेही उघडं चेंबर दिसलं की ती हात सोडून पळते, अगदी काठावर उभी राहते, मान कलती करते आणि हसते. काल बाजारात तेच झालं. पावलं अर्धी आत गेलेली. मी मागून ओरडत होते, "धरा हो तिला, कुणीतरी धरा!" आजूबाजूला माणसं पुष्कळ होती, सुजाण, सुशिक्षित, असल्या गोष्टी वाचून हळहळणारी, म्हणजे तुमच्यासारखीच. हाक ऐकताच सगळ्यांचे हात वर झाले. प्रत्येक हातात फोन होता.

शेवटी मीच धडपडत पोचले. फ्रॉक मुठीत आला, तिला छातीशी घट्ट धरलं, आणि तेवढ्यात तुमच्यातलंच कुणीतरी अदबीने म्हणालं,

"ताई, जरा बाजूला होता का? खड्डा दिसत नाहीये."