वरणाचा निकाल

रविवार, दुपारचे बारा वाजायला थोडा अवकाश असताना हुडकेश्वर इथल्या महादेवराव भोयर यांच्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ उतू गेली. फेस पातेल्यावरून, म्हणजे आमच्याकडच्या गंजावरून, स्टोव्हवर, स्टोव्हवरून फरशीवर आणि फरशीवरून माझ्या मोज्यांपर्यंत आला. जीवितहानी नाही.

बातमी एवढीच आहे. पण अर्धी बातमी सोडायची मला सवय नाही. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी म्हैस हरवल्याची बातमीसुद्धा छापत नाही. घरही मी असंच घेणार होतो. तपासून, ठोकून, खात्री करून. जुनं घर घेताना लोक घाईमुळे फसतात, असा सल्ला मी ऑफिसात दोघांना देऊनही ठेवला होता.

घाई मात्र होती. घरमालकाला आमच्या खोल्या महिनाअखेर रिकाम्या हव्या होत्या, आणि आमच्या ऐपतीत बसणारं एकच घर सापडलं होतं. हुडकेश्वरचं. दोन खोल्या, कौलारू पडवी, मागं विहीर. नळ तिकडे अजून पोचलेला नाही. पाणी काय ते त्या विहिरीचंच.

आणि तिथंच माझी बायको पुष्पलता अडली.

ती दर्यापूरकडची. तिकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागलं तर लोक आनंद करण्याआधी जिभेवर घेऊन पाहतात. तिचं लहानपण गोड्या पाण्यासाठी डोक्यावर पितळी गुंड घेऊन चालण्यात गेलं. मला पाहायला तिचे वडील आले तेव्हा त्यांनी पगार विचारला होता. तिनं मागाहून निरोप पाठवून नळाबद्दल विचारलं होतं.

"मले भिंती नका दाखवू," ती म्हणाली. "छत गळलं त बादली ठेवीन. पण त्या पाण्यात डाळ शिजली पाह्यजे. नाही त मी त्या घरात पाय ठेवत नाही."

"अगं, शहात्तर साल चालू आहे. पाणी प्रयोगशाळेत तपासतात."

"मंग तपासा न."

तपासलं. नमुना मी स्वतः नेला, बाटली स्वतः धुऊन. आठवड्यानं ती शेऱ्यासह परत आली. नमुन्यात मध व अडुळसा यांचा अंश आढळतो. बाटली खोकल्याच्या औषधाची होती. हे महादेवरावांना सांगितलं तर ते खूश झाले. "म्हणजे पाणी औषधी निघालं," ते म्हणाले. "मले आधीपासून शंका होती."

दुसरा नमुना द्यायला वेळच मिळाला नाही. शनिवारी निरोप आला की गांधीबागेतले कापडाचे व्यापारी ताराचंदजी रविवारी दुपारी घराचा सौदा करायला येताहेत, त्याआधी काय ते सांगा.

"आता डाळच आणा," पुष्पलता म्हणाली. "चांगली पाहून आणा."

पाहून आणायला मला सांगावं लागत नाही. ऑफिसातून येताना गांधीबागेच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी मूठभर डाळ उजेडात धरली. पिवळीजर्द, तेलाचा हात दिलेली, एकाही दाण्याला भोक नाही. दुकानदारानंही खात्री दिली. "ले जाओ साब. दो साल से बोरे में है, एक कीड़ा नहीं लगा." इतकी ठाम माहिती मला मंत्र्यांकडूनसुद्धा मिळत नाही. मी डाळ घेतली.

रविवारी सकाळी आम्ही हुडकेश्वरला पोचलो. महादेवराव कन्हानच्या मँगनीज खाणीत पंपावर कामाला होते. जन्मभर जमिनीतलं पाणी उपसल्यामुळे पाण्यातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं त्यांचं मत. मागची विहीर त्यांनी स्वतः उभं राहून खोदून घेतलेली. त्यांनी आमच्यासमोर एक बादली ओढली आणि मला लोटाभर पाणी दिलं.

"पेऊन पाहा पत्रकार साहेब. शहाळं काय करते याच्यासमोर."

मी प्यालो. पाणी ओलं होतं, एवढंच मी छातीठोकपणे छापू शकलो असतो. पुष्पलतानं घोट जिभेवर घोळवून पाहिला. मग तिनं पिशवीतून डाळ काढली.

"मावशी, एक गंज द्याल काय? अन् स्टोव्ह?"

महादेवरावांचा चेहरा पडला. पण मी पाहत होतो त्यांच्या बायकोकडे. सिंधूताई आतापर्यंत दाराशी पदर सावरून उभ्या होत्या. डाळ पाहताच त्या अशा पुढं आल्या, जणू त्यांचा हरवलेला साक्षीदारच कोर्टात हजर झाला.

"शिजव वं पोरी," त्या म्हणाल्या. "येथीच शिजव, सगळ्यायच्या समोर. वीस वर्षं झाले, मी हेच म्हणून राहिली."

"काय म्हणून राहिल्या, मावशी?"

"हेच, का या विहिरीचं पाणी जड आहे. वरण केलं का डाळ खाली बसते अन् पाणी वर. अन् हे म्हणतात, तुह्या हातालेच चव नाही. जावई जेवाले बसला का त्याच्यासमोर म्हणतात."

"खरं ते म्हणतो," महादेवराव म्हणाले. "माह्या मायची डाळ लोण्यावानी शिजे."

"तुमची माय कन्हानचं पाणी वापरे."

"विहिरीले बोलाचं काम नाही."

"बायकोले बोलाचं काम आहे?"

इथं मला परिस्थिती नीट दिसली. डाळ शिजली तर घर आमचं, पण सिंधूताई वीस वर्षांच्या गुन्हेगार ठरणार. नाही शिजली तर सिंधूताई सुटणार, पण आमचं बिऱ्हाड रस्त्यावर. एका गंजात एवढं सगळं मी आजवर पाहिलं नव्हतं.

मी लगेच निष्पक्ष झालो. डाळ आमची, पाणी विहिरीचं, गंज सिंधूताईंचा, रॉकेल महादेवरावांचं, ढवळणार फक्त पुष्पलता. दोन्ही बाजूंना नियम मान्य झाले. स्टोव्ह पेटला. पाणी उकळलं. डाळ त्यात बंदुकीच्या छऱ्यांसारखी खालीवर करू लागली आणि करतच राहिली.

पुष्पलतानं एक दाणा बोटांत दाबला. दाणा बोटांतून निसटून कोपऱ्यात जाऊन पडला. टक् असा आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला.

"स्टोव्ह मंद आहे," महादेवराव म्हणाले आणि त्यांनी दोन-चारदा पंप मारला.

आणखी वेळ गेला. दुसरा दाणा.

"तुमी सारे तिच्याकडं पाहून राहिले न, म्हून शिजून नाही राहिली," महादेवराव म्हणाले. "साहेब, तुमी तोवर विहिरीचं बांधकाम पाहून घ्या. बाई, तुमी न्हाणी पाहा. घर घ्याले आले न तुमी? का डाळच घ्याले आले?"

मी विहिरीत डोकावलो. बांधकाम उत्तम होतं, आत एक कासव होतं आणि मला घाम फुटला होता. परत आलो तेव्हा महादेवराव स्वयंपाकघरातून बोटं धोतराला पुसत बाहेर येत होते.

"पाणी प्याले गेलो होतो."

पाण्याचा माठ पडवीत होता. पुष्पलता न्हाणीतून आली, तिनं तिसरा दाणा दाबला. या वेळी त्याची कड जराशी मऊ लागली. तिच्या डोळ्यांत मला आमचं सामान ट्रकमध्ये चढताना दिसलं. ती हात धुवायला बाहेर गेली.

सिंधूताईंनीही तो दाणा पाहिला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "झाकण सरकलं वाटते," असं म्हणून त्या आत गेल्या आणि लगेच आल्या. नवरा-बायको पडवीत शेजारी शेजारी बसले. इतके निरागस चेहरे मी फक्त मतमोजणीच्या आदल्या दिवशी पाहिले आहेत.

मग आतून फस्स असा आवाज आला.

पुढचं पहिल्या परिच्छेदात आलेलंच आहे. फेस पिवळा होता आणि थांबत नव्हता. स्टोव्ह विझला तरी गंज आपला फसफसतच होता. पुष्पलतानं पळीनं तळ ढवळला आणि चिंचेचं एक बुटूक वर काढून सगळ्यांना दाखवला.

"मावशी, हे काय?"

सिंधूताईंनी फेसाकडे पाहिलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "चिंचेनं फेस नाही येत. तुमी सोडा टाकला काय?"

"चिमूटभर टाकला. तू चिंच काहून टाकली?"

"तुमी सोडा टाकला म्हून. आंबटात डाळ शिजत नाही."

"तुले काय माहीत मी सोडा टाकला?"

"वीस वर्षात शिजली नाही ते आज शिजाले लागली. दुसरं काय टाकान तुमी?"

अशा वेळी दारात ताराचंदजी उभे राहिले. डोक्यावर काळी टोपी, नाकावर रॉकेलच्या वासापायी रुमाल. त्यांनी फरशीवरच्या डाळीला वळसा घातला.

"क्या हो रहा है, भोयरजी?"

"पानी की जाँच," महादेवराव म्हणाले.

"पानी से हमको क्या करना है? हम तो गोदाम बनाएँगे. कुआँ पाट देंगे, सीलन आती है."

महादेवराव एकदम खाली बसले. विहीर बुजवणार, हा विचार त्यांच्या डोक्यात कधी आलाच नसावा. ते माझ्याकडे पाहू लागले, जणू मी घर घेतलं तरच ती विहीर जिवंत राहणार होती. तसं पाहिलं तर खरंच होतं.

"मी यायलेच देतो घर," ते आमच्याकडे बोट दाखवत म्हणाले. "पाणी चांगलं आहे. झालं."

"झालं कसं?" सिंधूताई म्हणाल्या. "घर माह्या नावावर आहे. माही सही लागते. अन् माह्या वरणाचा निकाल लागल्याबिगर मी सही करत नाही."

ताराचंदजींनी रुमाल नाकावरून काढला. एवढ्या वर्षांच्या व्यापारात ही अट त्यांनी ऐकली नसावी.

निकाल कसा लावायचा हेही सिंधूताईंनीच ठरवलं. लेक कन्हानला राहते, तिथल्या पाण्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. आज संध्याकाळी तिथं वरण करायचं. डाळ हीच, हात सिंधूताईंचाच, फक्त पाणी दुसरं. "शिजलं त दोष विहिरीचा. मंग हे जावयासमोर तसं म्हणतीन, अन् घर शेठजीचं. नाही शिजलं त पाणी चांगलं, हात माहाच खराब. घर या पोरीचं, अन् मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"सोडा?" महादेवरावांनी विचारलं.

"सोडा घरी ठेवा. अन् तुमी माह्यासमोर बसा."

ताराचंदजी म्हणाले, "कल सुबह आता हूँ." पुष्पलतानं पिशवीतली अर्धी डाळ सिंधूताईंच्या पदरात घातली. दुपारच्या बसनं नवरा-बायको कन्हानला रवाना झाले.

घरी येताना पुष्पलता पिशवीतली उरलेली डाळ चाळवत होती. मग हळूच म्हणाली, "वरण शिजू नये असं वाटून राहिलं मले. पाप लागते काय हो असं वाटलं तर?"

मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी मत दिलं नाही.

उरलेली डाळ तिनं संध्याकाळी आमच्यासाठीच लावली. नळाच्या पाण्यात. मी आंघोळ करून आलो, डाळ उकळत होती. सबंध पेपर वाचून काढला, जाहिरातींसकट, तरी डाळ उकळत होती. आतून टक् असा आवाज आला आणि मी पेपर खाली ठेवला.

"अहो, हे नळाचंच पाणी आहे न?"

"म्हणजे काय."

"मंग काहून शिजून नाही राहिली? डाळ कधीची आहे ही?"

मी दुकानदाराचे शब्द जसेच्या तसे सांगितले. कीड न लागल्याचा भाग मी जरा ठासून सांगितला.

"दोन वर्षं," पुष्पलता म्हणाली. तिनं कपाळाला हात लावला. "जुन्या डाळीचा दगड होते. कोणत्याच पाण्यात शिजत नाही ते."

आम्ही दोघंही स्टोव्हकडे पाहत राहिलो. तिकडे कन्हानला हीच डाळ चुलीवर होती. समोर महादेवराव, लेक, जावई. आणि ती शिजणार नव्हती.

"आपण काही बोललो नाही," मी म्हणालो, "तर उद्या घर आपलं."

"हो."

"विहिरीचं पाणी कदाचित चांगलंच असेल. कुणी सांगावं?"

"असल." तिनं पळी खाली ठेवली. "तिकडं ते बाई जावयासमोर गंज उघडून राहिली असल. चपला घाला अन् तार करून या."

तारघरातल्या कारकुनानं कागद घेण्याआधीच चेहरा पाडला. "कोण गेलं, साहेब?"

"कुणी नाही. डाळ आहे."

त्यानं मजकूर वाचला. डाळ जुनी. सिंधूताई निर्दोष. विहिरीबाबत निर्णय राखून.

"तार दिसली का लोक आधी रडतात," तो म्हणाला. "मंग वाचतात. अन् हे वाचून त आणखी रडतीन."

मी शेवटी 'सर्व खुशाल' जोडलं. 'डाळ यांनी आणली' हे शब्दही घालायला पुष्पलतानं बजावलं होतं. ते जागेअभावी गाळले.

तार सात वाजता स्वीकारली गेली. कन्हानला रात्रीची जेवणं किती वाजता होतात, याबद्दल खात्रीलायक माहिती मिळू शकली नाही. ताराचंदजी उद्या सकाळी येणार आहेत. आमच्याकडची डाळ अजून स्टोव्हवर आहे. पुष्पलता ती उतरवू देत नाही. शिजली की जेवायला बोलावते, असं तिनं मला सांगितलं आहे.

हे लिहीपर्यंत बोलावलेलं नाही.