इंटरनेट कोणत्या तालुक्यात?

सपकाळे सर फोन उचलल्यावर कधी 'हॅलो' म्हणत नसत. 'कुठून?' असं विचारत. पलीकडच्यानं नाव सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नसे. "नाव नंतर. आधी कुठून बोलताय ते सांगा." गाव कळलं की गावातली जागा, जागा कळली की तिथून स्टेशन किती लांब. एकदा भुसावळहून शाळेत चुकून फोन लागला. तो माणूस स्टेशनच्या कोणत्या बाजूला उभा आहे हे सरांनी आधी काढून घेतलं आणि मग "ठीक शे, राँग नंबर" म्हणून फोन ठेवला.

जळगावच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. त्यांचं गाव पाचोऱ्याकडचं. वर्गात ते अगदी पुस्तकी बोलत, पण डोकं चक्रावलं की घरची अहिराणी तोंडात येई. जगातली प्रत्येक वस्तू कुठेतरी असतेच आणि नकाशात तिच्यावर बोट ठेवता आलंच पाहिजे, यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा. शाळेत टीव्ही आला तेव्हा आम्ही सगळे बातम्या ऐकत होतो. सर मात्र बातम्या देणारी बाई कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर बसली असेल या विवंचनेत होते. लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता अर्धवट असेल तर ते त्या लग्नाला जातच नसत. शहराला लागूनच, पिंप्राळ्याला एकटे राहायचे. घरात भिंती कमी आणि नकाशे जास्त. एकटे का, हे विचारायची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत झाली नाही.

नव्वदीचं दशक संपता संपता जळगावात इंटरनेट आलं आणि सर पार गोंधळून गेले.

खरं सांगायचं तर गोंधळलो आम्ही सगळेच होतो. स्टाफरूममध्ये कुणी म्हणे, त्यात जगातली सगळी पुस्तकं आहेत. कुणी म्हणे, त्यात व्हायरस असतो, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. शेवटी मुख्याध्यापकांनी नोटीस लावली, 'विद्यार्थ्यांनी इंटरनेटमध्ये जाऊ नये.' ती वाचून सर तडक माझ्याकडे आले.

"चौधरीबाई, 'मध्ये जाऊ नये' म्हणजे ती एखादी जागाच असणार ना? बठ्ठं खरं, पण ते शे कोठे? कोणत्या तालुक्यात?"

मला काय ठाऊक! पण आमची जुनी विद्यार्थिनी वैशाली हिनं बसस्टँडजवळ चार कॉम्प्युटर टाकून सायबर कॅफे काढला होता. रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. सरांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन चारही कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं आणि खुर्चीत बसले.

"वैशाली, नकाशा भरताना तू तापी नेऊन नर्मदेत सोडली होतीस."

"हो सर," वैशाली जागची उठून उभी राहिली.

"आता नीट सांग. इंटरनेट कुठे आहे?"

तिनं कॉम्प्युटरकडे हात केला.

"या डब्यात?"

"डब्यात नाही सर. ते वायरनं येतं."

सर उठले. खिडकीतून बाहेर पडलेली वायर त्यांनी खांबापर्यंत नजरेनं गाठली, सायकलवर बसले आणि खांबांच्या मागोमाग निघून गेले. माझे दोन चहा झाले तेव्हा घामाघूम होऊन परत आले.

"वायर टेलिफोनच्या ऑफिसात जाते. तिथला माणूस म्हणतो, आमच्याकडे काही नाही, मुंबईहून येतं."

"आणि मुंबईला समुद्राखालून येतं, सर," वैशाली म्हणाली.

सर हळूच खाली बसले. "अरबी समुद्र?"

"बहुतेक."

"त्याची खोली माहीत आहे का तुला?" ती माहीत नव्हती. "बरं, समुद्रापलीकडे?"

"तिकडे... कुठेतरी."

"नकाशात 'कुठेतरी' लिहिलं तर मार्क मिळतात का?"

तेव्हापासून सर दर रविवारी तिथे जाऊ लागले आणि मलाही ओढून नेऊ लागले. त्यांच्या प्रश्नांनी वैशाली टेकीला आली. त्यांचं मन रमावं म्हणून तिनं त्यांना एक पान उघडून दिलं. परगावी गेलेल्या खानदेशी लोकांसाठी कुणीतरी ते काढलं होतं. लोक त्यात आपलं नाव, मूळ गाव आणि आता कुठे आहोत ते लिहीत. सरांना घबाडच मिळालं. फैजपूरचा कुणी कॅनडात, धुळ्याची कुणी दुबईत. सर वहीत उतरवून घेत आणि घरी जाऊन नकाशावर टिंबं देत.

तिसऱ्या रविवारी मात्र त्यांनी वही उघडलीच नाही.

"यात आपण लिहिलं तर कोण वाचतं?"

"कुणीही सर. कुठूनही."

सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो मऊ पडला होता. वैशालीनं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'सुनंदा, मी पिंप्राळ्यालाच आहे. दादा सपकाळे.' खाली तिनं स्वतःचा ईमेल पत्ता दिला.

"सुनंदा कोण?" मी विचारलं.

"धाकटी बहीण. माझ्याकडे राहून कॉलेज करायची." सर पडद्याकडे बघतच बोलत होते. "दुसऱ्या जातीतला मुलगा पसंत केला तिनं. मी दारात उभा राहून म्हटलं, जायचं तिथे जा, पण कुठे ते मला सांगू नको. तिनं ऐकलं. वीस वर्षं ऐकतेय."

वैशालीची बोटं की-बोर्डवरच राहिली.

महिना उलटला, मग दुसरा. सर यायचे, बसायचे, जायचे. इंटरनेट कुठे आहे हे विचारणंही त्यांनी सोडलं होतं. मग एका रविवारी आम्ही दारात दिसताच वैशाली धावत पुढे आली. मेल आली होती. इंग्रजी अक्षरांतलं मराठी सर बोट ठेवून वाचू लागले.

"मा... मा. मामा. हे कुणाला?"

"तुम्हाला सर. सुनंदाताईंच्या मुलीनं लिहिलंय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढचं मी वाचून दाखवलं. कॉलेजातल्या मैत्रिणीनं ते पान तिला दाखवलं होतं. आईनं ते तीनदा वाचायला लावलं. शेवटी होतं, 'आई विचारते, तुमचा खोकला कसा आहे?' राहतात कुठे, ते कुठेच नव्हतं.

"सर, विचारू ना, कुठे असतात ते?" वैशाली म्हणाली. "लगेच कळेल."

"नको."

मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगू नको म्हणणारा मीच ना? आता तिला वाटेल तेव्हा सांगेल. तू लिही, खोकला बरा आहे." आणि सर खोकत बाहेर गेले.

पुढचे तीन रविवार खोकला, भाचीचा अभ्यास आणि जळगावचं ऊन यातच गेले. चौथ्या रविवारी आलेल्या मेलमध्ये दोन ओळी होत्या. 'आम्ही सुरतला असतो. आई विचारते, दिवाळीत येऊ का?'

सुरत! वैशालीला हसू आवरेना. आम्ही अरबी समुद्राचा तळ शोधत होतो आणि सुरतेला जाणारी गाडी रोज आमच्याच स्टेशनवर थांबत होती. सर हसले नाहीत. ते सावकाश सांगू लागले.

"लिही. या. दाराची पायरी खाली करून घेतली आहे. सुनंदाला आता चढायला त्रास होणार नाही."

सुनंदाचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं अधू झाला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी उत्तरपत्रिका द्यायला पिंप्राळ्याला गेले. सर बनियनवर दाराशी उकिडवे बसले होते. हातात छिन्नी-हातोडा, अंगभर दगडाची पांढरी धूळ. काळ्या दगडाची गुडघाभर उंच पायरी, एका कोपऱ्यात जेमतेम चार बोटं फुटलेली.

"सर, तुम्ही तर 'करून घेतली' असं लिहिलंत!"

"हो ना. आणि वैशाली म्हणते, ते त्याच मिनिटाला पोचलंसुद्धा." सरांनी मनगटानं कपाळ पुसलं. "म्हणून तर घाई करी ऱ्हायनू."

ते उठले. भिंतीला हात टेकून, उजवा पाय मुद्दाम ओढत, फुटलेल्या कोपऱ्यावरून ती पायरी चढून पाहिली. उंबऱ्यावर क्षणभर थांबले. मग खाली उतरून पुन्हा छिन्नी हातात घेतली.