खोक्यातली ऊब

रविवारी सकाळी गिटारमास्तरांच्या पुढच्या खोलीत नऊ पालक दाटीवाटीने बसले होते आणि स्वस्तातला अ‍ॅम्प का घेऊ नये, हे मास्तर त्यांना समजावून देत होते. वर्गाचा वार्षिक कार्यक्रम महिन्यावर आला होता. मुलांनी स्टेजवर वाजवायचं तर गिटारचा आवाज मोठा करणारं हे यंत्र प्रत्येकाकडे चांगलंच हवं, असा मास्तरांचा हट्ट. त्यांच्या डाव्या हाताला त्यांचा स्वतःचा भला थोरला, आत काचेच्या नळ्या असलेला अ‍ॅम्प उभा होता. उजव्या हाताला एक छोटा काळा खोका होता. तो लिफ्टवाल्यांचा.

लिफ्टवाले म्हणजे बिट्टीचे बाबा. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांनी लेकीसाठी हा खोका आणला तेव्हा मास्तर भर वर्गात म्हणाले होते, "हा अ‍ॅम्प नव्हे, वायर लावलेला डबा आहे. याच्यावर वाजवणार असशील तर कार्यक्रमात तुझं नाव घालता येणार नाही."  दुसऱ्या दिवसापासून अकरा वर्षांची बिट्टी नुसती गिटार घेऊन यायला लागली. आज मास्तरांनी खोका मुद्दाम मागवून घेतला होता. नमुना म्हणून.

"आधी हा ऐका," मास्तर म्हणाले. खोक्याची वायर गिटारला लावून त्यांनी एक धून वाजवली आणि चेहरा असा केला, जणू दाताखाली खडा आला. "कळलं? कोरडा. पत्र्यावर वाळू सांडल्यासारखा."

"अगदी वाळू," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी वायर काढून खाली टाकली. मग काचेच्या नळ्या कशा तापतात, आवाज त्यांच्यातून कसा मुरून येतो, यावर ते दहा मिनिटं बोलले. बोलता बोलता वाकून वायर उचलली, गिटारला लावली आणि डोळे मिटून तीच धून पुन्हा वाजवली. मध्येच हात लांब करून त्यांनी मोठ्या अ‍ॅम्पचं एक बटण जरासं फिरवलं.

"आता बघा. गोलाई आली. याला म्हणतात ऊब."

"अंगावर काटा आला," कापडदुकानवाले म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच बाही वर करून शेजाऱ्याला हात दाखवला. नऊच्या नऊ माना डोलल्या.

धून संपली. मास्तरांनी मोठा अ‍ॅम्प बंद केला. त्याचा लाल दिवा विझला. लोक चहाचे कप घ्यायला उठले, मास्तरही वळले, आणि वळताना गिटारच्या तारा खुर्चीच्या पाठीला लागल्या.

ढँग, असा आवाज आला. उजव्या बाजूने.

मास्तर जागच्या जागी थिजले. त्यांनी गिटारपासून निघालेली वायर नजरेने पकडली आणि पकडत पकडत थेट लिफ्टवाल्यांच्या खोक्यापर्यंत गेले. मोठ्या अ‍ॅम्पची वायर बिचारी सतरंजीवर आडवी पडली होती. तिला सकाळपासून कोणी हातसुद्धा लावला नव्हता. गोलाई, ऊब, कापडदुकानवाल्यांचा काटा, सगळं त्या डब्यातून आलं होतं. आणि ते फिरवलेलं बटण? त्याचा आजच्या आवाजाशी काडीचाही संबंध नव्हता. तरी मास्तरांनी स्वतःच्या कानांनी फरक ऐकला होता.

त्यांनी चोरट्या नजरेने खोलीभर पाहिलं. सगळे चहात होते. फक्त बाबांबरोबर आलेली, खाली बसलेली बिट्टी आधी वायरकडे, मग त्यांच्याकडे बघत होती. मास्तर उगाचच खोकले आणि वायर उपटून खिशात कोंबली.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटं हसून लोक विसरले असते. पण मास्तर तोंड उघडणार, तोच लिफ्टवाले समोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, कान उघडलेत तुम्ही. खोका परत करायची मुदत आजच संपतेय. दुकान एकला बंद होतं. देऊनच येतो आणि मोठा घेतो. हप्ते पाडून देतील."

"एवढी काय घाई आहे," मास्तर चाचरत म्हणाले. "घरी वाजवायला तसा... बरा आहे तो."

"नको नको. पोरगी तुमच्या हाताखाली शिकतेय. डब्यावर वाजवून तुमचं नाव खराब व्हायला नको."

लिफ्टवाले एका हातात खोका आणि दुसऱ्या हातात बिट्टीचा हात धरून जिना उतरले. डॉक्टरीणबाईंनीही असाच खोका मुलासाठी सांगून ठेवला होता. तो नको, मोठाच द्या, असं त्यांनी जिन्यातूनच दुकानदाराला फोन करून कळवलं. कापडदुकानवाले म्हणाले, "माझाही मोठाच सांगा, आणि लिफ्टवाल्यांचाही." दोघं मिळून दुकानाकडे निघाले.

खोली रिकामी झाली आणि मास्तरांचा फोन वाजला. दुकानदार होता.

"मास्तर, तुमची कृपा. बसल्या बसल्या तीन मोठे गेले. तुमच्यासाठी एक नवा बाजूला ठेवतोय. नाही म्हणायचं नाही."

 फोन ठेवून मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून बायकोला सगळं सांगितलं. ती कप विसळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"मला आतूनच कळलं होतं," ती म्हणाली.

"तुला? कसं?"

"तुमचं ते धूड वाजायला लागलं की फडताळातले पेले थरथरतात. आज एकही हलला नाही."

"मग मला सांगायचं नाहीस का?"

"काय सांगू? तुम्ही इतके रंगात आला होतात." तिने हात पुसले. "साडेबारा झालेत. असेच जाणार की चपला घालणार?"

मास्तर पोचले तेव्हा खोका दुकानाच्या काउंटरवर ठेवलेला होता आणि दुकानदार पावती फाडत होता. लिफ्टवाले सहीसाठी पेन शोधत होते. डॉक्टरीणबाई आणि कापडदुकानवाले नव्या अ‍ॅम्पवरून हात फिरवत होते.

"थांबा," मास्तर धापा टाकत म्हणाले. "माझी चूक झाली. मोठा अ‍ॅम्प वाजलाच नाही. दोन्ही वेळा हा खोकाच वाजत होता. वायर बदलायची राहिली."

 डॉक्टरीणबाई हळूच हसल्या.

"मास्तर, किती मोठं मन आहे तुमचं. लिफ्टवाल्यांना खर्च पडू नये म्हणून स्वतःवर घेताय ना?"

"नाही हो. खरंच सांगतोय."

"अहो, ऊब आम्ही आमच्या कानांनी ऐकलीय. म्हणजे आम्ही काय बहिरे आहोत?"

"आणि माझा काटा?" कापडदुकानवाल्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता जरा राग होता.

मास्तरांच्या लक्षात आलं, की प्रकरण एकट्या त्यांच्या कानाचं राहिलेलं नाही. नऊ जणांनी माना डोलावल्या होत्या आणि कोणालाही आपली मान परत घ्यायची नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ते एवढं खरं बोलत होते आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता.

"बिट्टी," ते म्हणाले, "दोन्ही अ‍ॅम्प इथे आहेत. एकदा यावर वाजव, एकदा त्यावर. क्रम तुझा तू ठरव. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहतो."

दुकानदार जाहीरपणे हो म्हणाला आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत वळला. लिफ्टवालेही वळले. मोठी माणसं शिक्षा झालेल्या पोरांसारखी ओळीने भिंतीला लागली. मागे बिट्टीने दुकानातली एक गिटार घेऊन शांतपणे धून वाजवली, वायर बदलली आणि पुन्हा वाजवली.

"दुसरा महागडा," डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या. "ती ऊब लपत नाही."

"दुसराच," कापडदुकानवाले म्हणाले.

मास्तरांनी कान टवकारून ऐकलं होतं. श्वाससुद्धा रोखला होता. तीस वर्षं ते लोकांना आवाज ओळखायला शिकवत होते.

"मला ओळखता येत नाही," ते भिंतीला म्हणाले.

लिफ्टवाले ओळीच्या टोकाला होते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "दुसरा आमचा," ते संकोचत म्हणाले. "सूर सोडताना बारीक कर्र करतो. वाईट नाही लागत, पण करतो."

"बरोबर," बिट्टी म्हणाली.

डॉक्टरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. कापडदुकानवाल्यांनी बाही खाली ओढून बटण लावलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"दिवसभर लिफ्टच्या मोटरीच ऐकतो मी. ऐकून सांगावं लागतं, कुठली कधी बिघडणार ते. खोका तर घरी रोज संध्याकाळी वाजतो."

"मग सकाळी माझ्याकडे? तेव्हा नाही ओळखलात?"

लिफ्टवाले खाली बघायला लागले. "ओळखला की. दोन्ही वेळा आमचाच वाजत होता. पण तुम्ही वेगळा म्हणालात, एवढी शिकलेली माणसं माना डोलवायला लागली. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असणार."

मास्तरांना वाटलं, पालकांनी हसून हसून लोळण घेतली असती तरी चाललं असतं. हे ऐकणं त्याहून जड होतं. हप्ते फेडत बसायला निघालेला हा माणूस, त्या खोलीतला एकमेव खरा कान, केवळ त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून निघाला होता.  त्यांनी काउंटरवरचा खोका उचलला आणि दुकानदाराला म्हणाले, "हा परत करायचा नाही. आणि माझ्यासाठी काही बाजूला ठेवू नका."

तिघं रस्त्याने चालू लागले. लिफ्टवाले दोनदा "द्या इकडे" म्हणाले. मास्तरांनी खोका दिला नाही. कोपऱ्यावर बिट्टीने विचारलं, "मग कार्यक्रमात माझं नाव?"

"पहिलं," मास्तर म्हणाले. "याच्यावरच वाजव." ते पाचदहा पावलं चालले. मग त्यांनी घसा साफ केला. "लिफ्टवाले, त्या दिवशी शेवटी मी वाजवतो. तर, मलाही हाच मिळाला असता तर..."

लिफ्टवाल्यांनी आता खोका त्यांच्या हातातून सरळ काढून घेतला. काखेत नीट धरला, त्यावरची धूळ फुंकली.

"बघू," ते म्हणाले. "बिट्टीला विचारून सांगतो."